चुलीजवळची ओल

३ सप्टेंबर, बुधवार

नवं काम गळ्यात पडलं. खाडीचा प्रोग्रॅम. उधाणाला पाणी कुठवर चढेल ते काढायचं, मग त्या नकाशावरून कुठली घरं हलवायची ते सरकारी कार्यालय ठरवणार. सर्वपित्रीच्या उधाणाआधी हवंय. जुना प्रोग्रॅम नुसत्या निरोपांवर चालतो आणि त्यापेक्षा गोगलगाय बरी. मॅडमचा हुकूम: "दोन्ही पद्धती एकत्र कर. मशीन-मशीनमध्ये निरोप, मशीनच्या आत सामायिक मेमरी." बोलायला काय जातंय. फळ्यावर चार चौकोन काढले की झालं.

संध्याकाळी आबांचा फोन. नेहमीचा प्रश्न, तू तिकडं बसून करतेस तरी काय. सांगितलं: खाडीचे चार तुकडे केलेत, चार घरांना वाटून दिलेत. प्रत्येक घराचा माठ वेगळा. शेजारच्याच्या माठात किती आहे ते दिसत नाही, म्हणून कडेला उभं राहून ओरडून विचारायचं, तुझ्या बाजूला पाणी किती. शिवाय एकेका घरात माणसं पुष्कळ, आणि ती सगळी एकाच माठातून घेणार.

"मंग दोगांनी एकदम वाटी घातली तं?"

म्हटलं, तेच भांडण सोडवायचा पगार मिळतो मला.

"बरा हाय धंदा," म्हणाले. या वर्षी गौर आणली नाही, ते दोघांनीही काढलं नाही. आई गेल्यापासून दारातून चुलीपर्यंत गौरीची पावलं काढायला कोण आहे तिथे.

५ सप्टें., शुक्र.

पहिला रन. वेग झकास. उत्तर मात्र दर वेळी वेगळं. तेच इनपुट, तीच मशीनं. तन्वीर मशीनं सांभाळतो, टेबलाला टेबल लावून बसतो. म्हणाला, "मुबारक हो. तुझा प्रोग्रॅम आता मूडवर चालायला लागला."

एक गंमत. नकाशातली एक चौकट म्हणजे साधारण एक घर आणि त्याचं अंगण. आबांच्या घराच्या चौकटीवर मी खूण ठेवली आहे, तिथलं पाणी वेगळं छापून येतं. कामाचं काही नाही, आपलं घर म्हणून. बाकी सगळे आकडे बदलतात. तिथे मात्र दर रनला पाणी. बोटभर. आजूबाजूच्या चौकटी कोरड्या ठणठणीत.

पाणी शेजारच्याला न भिजवता आत येईलच कसं. चूक आहे. सोमवारी बघते.

७ सप्टें., रवि. पौर्णिमा

गावी जाऊन आले. आबा बरे आहेत, दाढी वाढलीय, भाकऱ्या स्वतःच थापतात आणि नावं मला ठेवतात. ("तुज्या कामोठ्याला भाकरी पन विकत घेतात म्हनं.")

मागच्या पडवीत चुलीपाशी कोबा ओला होता. पसरलेला ओलावा नाही, मागच्या दारापासून चुलीपर्यंत तुटक तुटक डाग. आबा म्हणाले, "मीच पुसलाय." पुसायचं फडकं दोरीवर वाळून काठी झालेलं. भिंतीच्या तळाला मीठ फुललंय, नखाने पापुद्रे निघतात.

मागच्या दारात आईचं पोतं अजून अंथरलेलं आहे. ओहोटीला ती कालवं काढायला जायची आणि आली की त्यावर पाय पुसून आत. पुसायची म्हणजे काय, दोनदा टेकवायची. चिखल चुलीपर्यंत यायचाच, आणि आबा रोज ओरडायचे.

येताना रिक्षात मनात एकच. पौर्णिमेचं उधाण आहे, पाणी बांधाखालून झिरपत असणार. झिरपणारा बांध एक दिवस बसतो. आणि बसेल तेव्हा आबा आत एकटे असतील. मला भीती वाटतेय, साधी सरळ भीती.

आणि एक प्रश्न, तो उद्या ऑफिसात विचारायची लाज वाटेल. आमच्या प्रोग्रॅममध्ये जमिनीखालचं पाणी नाहीच. बांध म्हणजे त्याच्या लेखी पक्की भिंत. मग आबांच्या चौकटीतलं बोटभर पाणी त्याला कुठून कळलं?

९ सप्टें., मंगळ.

उत्तर सापडलं असं वाटलं. दोन तुकड्यांमधली शिवण नेमकी आबांच्या घरावरून जाते. कडेच्या चौकटींची शेजारच्या मशीनवर एक नक्कल ठेवावी लागते, निरोप येईल तशी ती ताजी करायची. निरोप उशिरा आला की नक्कल शिळी. शिळ्या नकलेवर हिशेब केला की भलत्या ठिकाणी पाणी. म्हणजे चूक शिवणीवर, आणि शिवणीवर आमचं घर. योगायोग. इतकं हलकं वाटलं की वडापाव खाल्ला.

मॅडमना सांगितलं. "चूक असेल तर काढ, पाणी असेल तर दाखव. दोन्ही एकत्र मला चालणार नाही." चौकट ओली दाखवली तर आबांना नोटीस जाईल, घर सोडा म्हणून. कोरडी दाखवली तर राहतील तिथेच. हे माझ्या हातात आहे, आणि ते घर आमचं हे मॅडमना माहीत नाही. सांगावं का? नाही सांगितलं.

खात्री म्हणून तुकडे वेगळे पाडून रन लावलाय. शिवण पार पलीकडे नेली, गावाच्या बाहेर. चूक शिवणीसोबत सरकायला हवी.

१० सप्टें., बुध.

सरकली नाही.

पाणी तिथेच. तसूभरही हललं नाही.

दुपारी तन्वीरने रनची फिल्म करून दाखवली, एकेका क्षणाचं चित्र पुढे पुढे. आधी हसत होता. मग खुर्ची पुढे ओढली. खाडीच्या काठावरची एक चौकट ओली होते. मग तिच्या पुढची, आणि तेव्हा मागची कोरडी. मग पुढची. मागची कोरडी. तसं वर येत येत बांध ओलांडून घरापर्यंत, आणि तिथे थांबतं.

"पाणी असं जात नाही," मी म्हटलं.

"पाणी नाही जात," तो म्हणाला. "चालतंय ते." मग स्वतःच म्हणाला, "छोड यार, इंडेक्सची गडबड असेल," आणि खिडकी बंद केली. चहा प्यायला खाली गेलो तेव्हा एस.टी. स्टँडकडच्या गर्दीत बरं वाटलं. लोक, हॉर्न, भजी.

मी पाऊलवाट ओळखली. बांधावरून सरळ न येता ते डावीकडून वळसा घालतं, भेंडीच्या जुन्या डेरेदार झाडापाशी (भाजीची भेंडी नव्हे). तिथे बांध उतरायला सोपा आहे. आई तिथूनच उतरायची, कालवांची टोपली डोक्यावर असायची म्हणून. प्रोग्रॅमला झाड ठाऊक नाही.

तन्वीरला हे सांगितलेलं नाही.

१२ सप्टें., शुक्र.

चूक सापडली. आता खरीखुरी.

मशीनच्या आत पुष्कळ धागे काम करतात, सामायिक मेमरीवर. शेजारच्या मशीनला निरोप द्यायचा तर त्यातल्या एकानेच द्यायचा, मुख्य धाग्याने. निरोपांच्या लायब्ररीला सुरुवातीला आम्ही तसं वचन दिलंय, एकच जण बोलेल. आणि मी काय केलं, निरोपाची ओळ धाग्यांच्या घोळक्यातच ठेवली. म्हणजे जो मोकळा तो ओरडतोय. पलीकडे कुणाचा निरोप कुणाला. एका घरातून दोघं एकदम बोलली की शेजारी तिसरंच ऐकतो.

दुरुस्ती अगदी बारीक. सगळ्यांना एका जागी थांबवायचं, मुख्य धाग्याने बोलायचं, उत्तर आलं की पुन्हा सगळे कामाला.

अशा चुकीने पाणी कुठेही दिसायला हवं. जिथे सापडेल तिथे. रोज एकाच दारात नाही. तन्वीरला विचारलं, असं का. "चूक काढ ना. का, ते विचारू नको."

केली नाही दुरुस्ती. शुक्रवार आहे, मंगळवारी करते. सोमवारी सुट्टी टाकलीय, अविधवा नवमी. नवऱ्यामागे राहिली नाही अशा बाईचं पान त्या दिवशी वाढतात. आईचं.

१५ सप्टें., सोम. नवमी

नीट लिहायला हवं.

सकाळी पोचले. शेजारच्या काकू सवाष्ण म्हणून जेवायला येणार होत्या. आबांनी पहाटेपासून सगळं केलेलं. वड्या, खीर, आणि वर कालवांचं कालवण. म्हटलं, पितरांच्या पानात कालवं? "तिला आवडायची," बस्स.

मी पडवीत गेले तर ओल. मागच्या दारापासून चुलीपर्यंत, गेल्या खेपेसारखीच. बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट.

आज भांग आहे. उधाणाच्या अगदी उलटं, भरती आली तरी पाणी खाडीच्या मधेच घुटमळतंय. मी स्वतः बांधावर जाऊन आले, चिखल उघडा पडलेला, बांधाची आतली बाजू कोरडी, भेगा पडलेली. झिरपायला पाणीच नाही. मग हे?

काकू जेवून गेल्यावर विचारलं. आबा, खरं सांगा, हे कधीपासून?

बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "तू कुनाला बोलशील तं तुजी आय मना बोलंल."

"नाही बोलणार."

"ती घरातनं दवाखान्यात गेली. परत कुटं आली? आमी तिला तिथनंच नेली. घर तिनं बगितलंच नाय मंग." मळलेली तंबाखू तशीच हातात. "भरती-ओहोटीचं पानी फिरायला लागलं का येते. कालवं काडून यायची त्याच टायमाला. मी काय बगत नाय. पुडच्या खोलीत बसतो. पाय पुसल्याचा आवाज येतो. दोनदा. मंग मी चहा टाकतो."

मी रडले. ते रडले नाहीत, मला पाणी दिलं. डाग पावलांएवढे आहेत. पावलं म्हणायला तयार नाही मी. नाही म्हणायलाही धीर होत नाही.

म्हटलं, उधाणापुरते तरी कामोठ्याला चला.

"ती येल आनि घर बंद? पुना दवाखान्यासारकं?"

मी उष्टी पानं उचलायला लागले.

१६ सप्टें., मंगळ.

दुरुस्ती केली. सगळे थांबा, एकच बोलेल. तीन वेगवेगळ्या तऱ्हेने तुकडे पाडून पाहिले, उत्तर शेवटच्या अंकापर्यंत तेच. वेगही टिकला. मॅडम खूश, पेढे त्यांच्याकडून.

आबांची चौकट कोरडी. काठावर काही उगवत नाही, बांधावरून काही येत नाही. फिल्म अगदी सरळ, पाणी पाण्यासारखं वागतं.

आनंद व्हायला हवा होता. मला मात्र कुणी आत यायच्या बेतात असताना कडी लावून घेतल्यासारखं झालं. हे फक्त इथे लिहिते.

नकाशा गेला. आमचं घर पांढऱ्या भागात. कुणी हलायची गरज नाही.

जुना बिघडलेला प्रोग्रॅम पुसला नाही. 'जुना' नावाने बाजूला ठेवलाय.

१८ सप्टें., गुरु.

सकाळी आबांचा फोन, ऑफिसात. ते ऑफिसात कधी करत नाहीत.

"बाय, दोन दिस आली नाय."

मला लगेच कळलं कोण. मंगळवारपासून का, मी विचारलं.

"हां. मंगलवारी सकालला आली नाय, मना वाटलं उशीर जाला असंल. कोबा कोरडा हाय सगला. तू नवमीला काय बोललीस का तिला?"

काही बोलले नाही म्हटलं. खरंच आहे. बोलले नाही, फक्त एक ओळ हलवली. मंगळवारी दुपारी हलवली. आणि ती सकाळीच आली नव्हती. म्हणजे संबंध नाही. असं स्वतःला समजावतेय तर मन उलटंच म्हणतं, ठरवलं होतंस शुक्रवारीच.

काकूंना फोन केला. म्हणाल्या, तुझे आबा कालपासून जेवले नाहीत, मागच्या दारात बसून असतात.

१९ सप्टें., शुक्र.

आबांना घेऊन आले. वाटलं होतं भांडण होईल. झालं नाही, तेच जास्त लागलं मनाला. एक पिशवी भरली, आईचा फोटोसुद्धा घेतला नाही. "फोटो राहू दे. घरात कोन तरी पायजे."

अट एकच. अमावास्येला दुपारी उधाण भरतं, तेव्हा मी तिथे असायचं. मागचं दार उघडायचं, पाणी फिरेपर्यंत बसायचं. "मी नाय तं तू तरी." कबूल केलं.

चौथा मजला बघून म्हणाले, "इथवर कोनचं पानी येनार," आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दुपारी. आबा दुपारी कधी झोपत नाहीत.

ऑफिसात जाऊन 'जुना' लावला. चुकीचा आहे हे माहीत असून, मीच त्यातली चूक शोधलेली असून. का लावला ते मला नीट सांगता येत नाही. आबा जेवत नाहीत म्हणून, एवढंच सांगता येईल.

२० सप्टें., शनि.

शनिवार असूनही गेले. तन्वीरलाही बोलावलं, एकटीने बघायचं नव्हतं. शिव्या घालत आला.

फिल्म लावली. काठावरची चौकट ओली. मग पुढची. भेंडीच्या झाडापाशी वळसा. बांध उतरून घराच्या दारात. तिथे थांबलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलं, तन्वीरने दोनदा फिल्म अडकलीय का पाहिलं.

मग पुढे निघालं. घर ओलांडून, शेतं ओलांडून, एकेक चौकट, मागची कोरडी होत. नकाशाच्या कडेपर्यंत. तिथे नकाशा संपतो म्हणून संपलं.

"ही कुठली बाजू?" तन्वीर.

कामोठ्याची.

त्याने स्वतःहून 'जुना' पुसून टाकला. मला विचारलं नाही, मीही अडवलं नाही. खाली उतरल्यावर म्हणाला, "अब्बूजान कसे आहेत? जेवतायत?" हो म्हटलं. आज सकाळी अर्धी भाकरी खाल्ली होती, विकतची.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री

गावी, मागच्या पडवीत बसून लिहितेय.

दार उघडं आहे. बाहेर उधाण. बांधाच्या वरपर्यंत पाणी, इतकं मी लहानपणीसुद्धा पाहिलेलं नाही. काठावरचे लोक बघायला उभे आहेत. बांध टिकलाय. नकाशात लिहिलं होतं तेवढंच पाणी, तिथेच थांबलेलं. मॅडमना सांगायला हवं, बरोबर आलं.

कोबा कोरडा. चुलीपाशी, दाराशी, भिंतीच्या कडेला, सगळीकडे हात फिरवून पाहिला. मिठाचे पापुद्रेसुद्धा पडून गेलेत. भांगात ओल होती आणि एवढ्या उधाणात नाही. कुठल्याही हिशेबात बसत नाही हे.

चहा टाकला. दोन कप. का विचारू नये.

पाणी फिरलं. वाट पाहिली. काठावरचे लोक घरी गेले. काही आवाज नाही.

मला वाटलं होतं मी घाबरेन. मला राग आला, खरं सांगायचं तर. आले होते ना मी. दार उघडं ठेवलं होतं.

आबांचा फोन. आवाज चांगला, जेवल्यासारखा.

"नाय आली ना तिथं?"

नाही, म्हटलं.

"मना म्हाईत हाय. तू निग आता. आनि येताना मागच्या दाराचं पोतं घेऊन ये."

कशाला, असं तोंडावर आलं होतं.

"तुज्या घरची लादी लय गुलगुलीत हाय," आबा म्हणाले. "ओल्या पायानं कुनी घसरंल."

आईच्या कपातला चहा तसाच होता, तो चुलीत ओतला. मागचं दार लोटून घेतलं, कडी लावली नाही. पोतं उचललं. कोरडं, मिठाने कडक झालेलं, घडी होईना. तसंच काखेत धरून नाक्यावर रिक्षाची वाट बघतेय.